पान तीनशे बारा

"थांबव!" आमचे हे ओरडले आणि मी रिमोट दाबला.

मालिका माझ्या दिवंगत सासऱ्यांवर आहे आणि त्यांचं सहाशे पानी राजकीय चरित्र ह्यांनीच लिहिलंय. त्यामुळे रोज संध्याकाळी हे पुस्तक मांडीवर घेऊन मालिकावाल्यांच्या चुका काढतात. टोपी चुकली, मोटार चुकली, बंगल्याच्या दाराची कडीसुद्धा चुकली.

आज पडद्यावर मंत्री झालेले सासरे पाटावर बसून बायकोला विचारत होते, "राजीनामा देऊ का?" तीही वाढता वाढता म्हणाली, "मनाला पटत नसेल तर द्या."

"धादांत खोटं!" ह्यांनी पान तीनशे बारा उघडलं. "त्या आठवड्यात तात्या दिल्लीत होते. आई, तूच सांग, असं घडलं होतं?"

सासूबाई मटार सोलत होत्या. "कुठलं रे! राजीनामा दिल्याचं मला शेजारच्या लीलाताईंनी पेपर वाचून सांगितलं. मंत्र्याच्या बायकोलाच ठाऊक नाही, म्हणून हसल्यासुद्धा."

"बघ!" ह्यांना कोण आनंद झाला. "उद्याच वाहिनीला पत्र धाडतो. तो प्रसंग काढायलाच लावतो."

"नको." सासूबाईंनी मटारचं ताट बाजूला सारलं आणि पदराने चष्मा पुसला. "तुझं पुस्तक खरंच आहे, बाळा. पण इतक्या वर्षांनी का होईना, त्यांनी मला विचारलं तरी."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "विभा, जरा मागे घे गं. मी काय म्हणाले, ते पुन्हा ऐकू दे."