परीक्षकांचं जेवण

मेर्लिंडाचा प्रबंध एकदा नाकारला गेला होता. आजची तोंडी परीक्षा ही शेवटची संधी. परीक्षकांचं जेवण रीतीप्रमाणे तिनंच आणायचं होतं, पण दुपार टळत आली तरी टेबल रिकामंच होतं.

"उपाशी पोरं अभ्यासात मागे पडतात म्हणे!" परीक्षक डॉ. व्हिल्यार्ता प्रबंधाचा निष्कर्ष वाचून खेकसले. "आळशी पोरांची जुनी सबब ही, बाई. पुरावा काय?"

"दाखवते, सर." तिनं सावकाश पुढचा तक्ता उघडला.

त्यांनी तो दोनदा वाचला, मग वैतागून चष्मा काढला. "पुरे! पोटात काही नसताना डोक्यात काय शिरणार?"



मेर्लिंडानं उठून दार उघडलं. बाहेर पान्सित नावाच्या नूडल्सचं पातेलं मांडीवर घेऊन धाकटी बहीण सकाळपासून बसली होती.

"ताई, आता तरी आत आणू का?"