गाईडातला डोंगर

चिकटपट्टीचा शेवटचा तुकडा गणपतराव हेडसरांनी स्वतःच्या अंगठ्यानं दाबला. तक्त्यावर हिरवेगार डोंगर, मधनं झरा, काठाला कौलारू घर. त्याच्या मागं वर्गाच्या भिंतीवर तांबड्या ऑइलपेंटची वीतभर रेघ होती आणि शेजारी २०१९ हा आकडा. पाणी कुठवर चढलं त्याची खूण म्हणून पूर ओसरल्यावर गावानंच मारलेली रेघ. आता ती झाकली गेली.

"तपासणीला आलेल्या माणसापुढं पुराचं रडगाणं कशाला?" हेडसर म्हणाले. "आणि प्रसेनजीत सर, पोरं गाईडातला 'माय व्हिलेज' म्हणतील. पाठ असलं की चूक होत न्हाय. चूक झाली, तर पुढच्या वर्षी इंग्रजीला आम्हाला दुसरा माणूस बघायला लागंल."

प्रसेनजीत तासिकेवरचा मास्तर. आज हाय, उद्या न्हाय. त्यानं मान हलवली, पण आतनं नुसता तिळपापड होत होता. नृसिंहवाडीच्या खालच्या अंगाचं, नदीकाठचं हे गाव. तळहातासारखं सपाट. जिकडं बघावं तिकडं ऊस. आणि नववीच्या चाळीस पोरांनी घसा फोडून म्हणायचं काय, तर आमचं गाव डोंगरांनी वेढलंय!

वर्षभर त्यानं वेगळंच शिकवलं होतं. "वाक्य म्हंजे उसाची कांडी. नुसती रानात टाकून ऊस येतोय व्हय? पाणी पाजा की तिला." पाणी पाजायच्या चार तऱ्हा त्यानं पोरांच्या चार बोटांवर बसवल्या होत्या. 'बट' म्हणून उलटी बाजू मांडायची. 'बिकॉज' म्हणून कारण सांगायचं. 'वन डे' म्हणून आपल्यावर घडलेलं सांगायचं. 'फॉर एक्झाम्पल' म्हणून दाखवून द्यायचं. चुकलं तर चुकू दे, पण स्वतःचं लिहा.

आणि आज सकाळी त्यानंच वर्गाला सांगितलं, "मॅडमपुढं गाईडातलंच म्हणा." पोरांनी वह्या मिटल्या. सरांची नोकरी जाऊ नये म्हणून हे, ते सगळ्यांना माहीत होतं. प्रसेनजीतला स्वतःची लाज वाटली.

अकरा वाजता विस्तार अधिकारी मॅडम वर्गात आल्या. त्या खुर्चीत टेकतायत तोवर तक्त्याचा वरचा कोपरा सुटला. ओल धरलेल्या भिंतीवर चिकटपट्टी कुठली टिकायला! हेडसर चपळाईनं मागं सरकले आणि तक्त्याला पाठ लावून, हाताची घडी घालून उभे राहिले.

"'माय व्हिलेज'वर कोण बोलेल?"

तिसऱ्या बाकावरची अक्षता उठली. खणखणीत आवाजात सुरू झाली, "माय व्हिलेज इज सराउंडेड बाय माउंटन्स."

हेडसर खुशीत आले. पुढचं वाक्य मात्र आलंच नाही. अक्षता खिडकीतनं बाहेर बघत होती. मग तिनं प्रसेनजीतकडं एकदा बघितलं आणि पहिलं बोट वर केलं.

"बट मॅडम, प्लीज सी विंडो. नो माउंटन. ओन्ली शुगरकेन."

वर्गात खसखस पिकली. अक्षता हसली नाही. दुसरं बोट.

"वी से माउंटन बिकॉज गाईड से माउंटन."

प्रसेनजीतला वाटलं, गेली नोकरी! डोळ्यांनी दटावून पोरीला खाली बसवायला हवं होतं. त्याचा हात अर्धा वर आलासुद्धा. मग तो त्यानं खिशात घातला आणि खिशातच आवळून धरला.

तिसरं बोट.

"वन डे बिग वॉटर केम. माय फादर कट बफेलो रोप. बफेलो गो इन वॉटर. आफ्टर टेन डेज, बफेलो केम बॅक." तिनं पुन्हा खिडकीबाहेर बघितलं. "हाऊस नॉट केम बॅक."

आता कुणीच हसलं नाही. मॅडमनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं.

"काय इंग्रजी हाय हे!" हेडसर कडाडले. रागानं लाल झाले होते, पण जागचं हलता येत नव्हतं. "प्रसेनजीत सर, खाली बसवा तिला!"

"न्हाय बसवणार." आपला आवाज एवढा मोठा निघेल असं त्याला स्वतःलाही वाटलं नव्हतं. "तिचं एक बोट राहिलंय अजून."

"उद्यापासनं येऊ नका मग!"

"बरं. आज तर हाय की."

अक्षता बाकातनं बाहेर आली. तरातरा चालत हेडसरांच्या पुढ्यात जाऊन थांबली. चौथं बोट वरच होतं.

"फॉर एक्झाम्पल," ती म्हणाली, आणि मग मराठीत, "सर, जरा सरका. माझं एक्झाम्पल तुमच्या मागं हाय."

हेडसरांनी मॅडमकडं बघितलं. मॅडम त्यांच्या मागच्या भिंतीकडं बघत होत्या. हेडसर सरकले. डोंगर, झरा, कौलारू घर, सगळं भिंतीवरनं घसरत खाली फरशीवर आलं.

अक्षता भिंतीला पाठ लावून उभी राहिली. तांबडी रेघ तिच्या कपाळाच्या उंचीला येत होती. तिनं रेघेवर तळहात टेकवला.

"वॉटर, धिस मच."

मग हात खाली आणत आणत छातीपाशी थांबवला.

"दॅट टाइम मी, धिस मच."