यादीतली शेवटची जागा

समुद्रपक्ष्यांच्या संरक्षण यादीत एकच जागा उरली होती, आणि बारा देशांचे तज्ज्ञ तीन दिवस त्यावर काथ्याकूट करत होते. खिडकीच्या कठड्यावर पक्ष्यांची एक जोडी ठाण मांडून कोकलत होती.

"मावशी, आधी त्यांना हाकला. एकमेकांचं ऐकू येत नाहीये," अध्यक्ष कागदांतून मान वर न काढता झाडलोटीच्या मावशींना म्हणाले.

मावशींनी इमानेइतबारे हाकललं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांपैकी एकही फिरकला नाही.

दुपारी एकमत झालं. पडद्यावर निवडलेल्या पक्ष्याचा फोटो झळकला.

"सात वर्षांत कुणालाच दिसलेला नाही," अध्यक्ष चष्मा पुसत म्हणाले. "एखादी जोडी उरलीच असेल, तर तिच्या पिसालाही धक्का लागता कामा नये."



फोटो बघून मावशींनी हातातला झाडू हळूच पाठीमागे लपवला.