उकंडरावांच्या फियाटचा हॉर्न

"स्टेरिंग वळवलं का हॉर्न आपोआप वाजते, उस्ताद. या महिन्यात तीन मयतींत वाजला!" निवृत्त हेडमास्तर उकंडराव आपल्या जुन्या फियाटवर करवादले. गॅरेजवाल्या रहीम उस्तादांनी दुपारभर खपून हॉर्नच्या तारा नव्यानं जोडल्या आणि ते असरच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या, नमाजला गेले.

ते वळणाआड होताच त्यांची बायको जहाँआरा ओढणी खोचून स्टेरिंगखाली शिरली. उस्तादांना लाल तार कोणती नि हिरवी कोणती, हे दोन वर्षांपासून दिसत नव्हतं. साऱ्या दर्यापूरला ते ठाऊक होतं, पण त्यांच्यासमोर कोणी विषय काढत नसे. तिनं चुकलेल्या तारा सोडवून पुन्हा जोडल्या. तोवर उकंडराव चहा घेऊन रस्त्याकडे तोंड करून बसले, सगळी गिऱ्हाइकं बसत तसेच.

उस्ताद परतले. स्टेरिंग पार वळवलं तरी हॉर्न गप्प, बटण दाबलं तेव्हाच खणखणीत.

"मानलं बुवा तुमच्या हाताले!" उकंडराव म्हणाले. जहाँआरानं ग्रीसची बोटं ओढणीत लपवली.



"हात हिचा हाय, गुरुजी. मले तारांचे रंग दिसतच नाईत. नमाज तर दहा मिन्टात होते. हिचं उरकावं म्हून मी मशिदीच्या ओट्यावर बसून राह्यतो."