रॉनेटचा शिक्का

या पोरीला व्यवहार म्हणून कळत नाही. ओडेसाबाई केकचं पीठ घोटता घोटता पुन्हा सुरू झाल्या.

रॉनेट, त्यांची लेक, समोर बसून टॅक्सचे फॉर्म भरत होती. लोकांच्या घरी जायचं, कर्जाच्या कागदांवर सह्या घ्यायच्या, शिक्का मारायचा, हा तिचा नोटरीचा धंदा. पगार नाही, काम केलं तर पैसे. मोठ्या कंपन्या आपण काय दिलं ते सरकारला कळवतात. किरकोळ पैसे कुणीच कळवत नाही. ही बया तेही स्वतःहून लिहायची.

"चर्चमधल्या त्या म्हाताऱ्या डीकननं त्याच्या स्वयंपाकघरात शिक्क्याचे वीस डॉलर दिले, ते कुणी पाहिले गं?"

"मी पाहिले, आई."

"मोठी आली पाहणारी! घाल सगळं टॅक्सात. घरमालक घर विकायला निघालाय. उद्या चर्चच्या पायऱ्यांवर झोपू, तिथं बसून मार शिक्के."

बाई केक विकत, त्याचे पैसे पिठाच्या जुन्या डब्यात पडत. त्या पैशांना कधी कागद लागला नव्हता. बाईंना त्याचा भारी तोरा.

घर आपणच घ्यायचं म्हणून रॉनेटनं कर्जाचा अर्ज केला. बाई डबा काखेत मारून तिच्याबरोबर बँकेत गेल्या आणि तो टेबलावर आदळला. "ही माझी कमाई. मोजा."

बँकेतल्या माणसानं डबा हळूच मागे सारला. "नाही धरता येत, मॅडम. टॅक्समध्ये लिहिलेली कमाई तेवढी आम्हाला दिसते." मग त्यानं रॉनेटचे कागद उलटले. शेवटच्या पानावर थांबला. हसला. "यांची पुरते. अगदी काठावर, पण पुरते."

काठावर. म्हणजे डीकनच्या विसांसकट.

स्वतःच्या सहीवर स्वतःचा शिक्का चालत नाही, म्हणून घरी दुसरा शिक्केवाला आला. साऱ्या गावाला 'इथं सही करा' सांगणाऱ्या रॉनेटला आज सहीची जागा सापडेना. बाई खो खो हसल्या. त्याला केकचा जाड तुकडा वाढला. तो गेल्यावर त्यांनी पिठाचा डबा आणून लेकीपुढं ठेवला.

"व्यवहार तुलाच कळतो, बये. घे, माझे केकचे पैसेही लिही. पुढच्या कर्जात मला मोठं स्वयंपाकघर पाहिजे."