सात नंबरच्या दाराशी

गुलाब जिच्या हातात, तिनं बोलायचं. बाकीच्यांनी हात धरून ऐकायचं आणि मग टाळ्या वाजवायच्या.

सात नंबरच्या पॉलीहाऊसच्या दाराशी बायका गोल करून उभ्या होत्या. कायांबे डोंगराच्या बर्फावरून येणारा वारा हाडात शिरत होता.

"आज आपण कशाकशाबद्दल कृतज्ञ आहोत?" पामेला मॅडमनी विचारलं. त्या दर सोमवारी राजधानीतून, कीतोहून, गाडीनं यायच्या. बायकांच्या मनावरचा ताण घालवायचा, हे त्यांचं काम. फुलांवरचं औषध कमी मारण्यापेक्षा मालकाला हे स्वस्त पडतं.

"देवानं काम दिलं, त्याबद्दल."

टाळ्या.

"काल नवरा पिऊन घरी आला नाही, त्याबद्दल."

"अगं, आलाच नाही म्हण की!"

सगळ्या हसल्या. दिग्ना हसली नाही. ती दाराकडे बघत होती.

औषध मारलं की दारावर लाल फडकं लागतं. ते असेपर्यंत आत कुणी जायचं नाही. औषध पहाटेच मारलं होतं. फडकं मात्र आत्ताच मुकादम विल्मरच्या खिशात गेलं होतं, त्याचं टोक बाहेर लोंबत होतं. प्लास्टिकला आतून अजून थेंब होते. फेब्रुवारी महिना. तिकडे अमेरिकेत प्रेमाचा दिवस, आणि गुलाबाचं विमान थांबत नाही.

शनिवारीही फडकं असंच लवकर उतरलं होतं. सोइला आत गेली आणि मधल्या ओळीत कोसळली. तोंडाला फेस. दवाखान्यात ती अजून स्वतःच्या पोरांना ओळखत नाही.

तिच्या जागी आज नायेली होती. दिग्नाची मुलगी. वय एकोणीस, पायात नवे गमबूट, कामाचा पहिला दिवस. तिच्यासाठी काम दिग्नानंच मागितलं होतं. त्यासाठी विल्मरच्या घरी, मानाच्या पाहुण्याला वाढतात तसा, गुबगुबीत गिनीपिग भाजून, बटाट्यांसकट नेऊन दिला होता. सोइला पडायच्या आदल्या दिवशी.

"आई, हात किती दाबतेस," नायेली पुटपुटली.

दिग्नाला ऐकू आलं नाही. ती सकाळपासून एकच वाक्य घोकत होती. मुलीला काम मिळालं, त्याबद्दल मी आभारी आहे. एवढं म्हणायचं आणि गुलाब पुढे द्यायचा. बस.

गुलाब तिच्या हातात आला. काटे आधीच काढलेले होते.

"मी आभारी आहे," ती म्हणाली. "शनिवारी सोइला पडली, ती वाटेवर पडली. वाफ्यावर नाही. एक देठ मोडला नाही. त्याबद्दल."

टाळी वाजली नाही.

"दिग्ना," मॅडम हळूच म्हणाल्या, "आपण चांगलं तेवढंच बोलायचं ना?"

"चांगलंच बोलतेय, मॅडम. फुलं वाचली. पोचलीसुद्धा असतील."

"पुरे झालं तुमचं!" विल्मर खेकसला. "वाजवा टाळ्या आणि चला आत. नवी पोरगी आधी. मधली ओळ घे गं."

त्यानं दाराचं प्लास्टिक बाजूला सारलं. आतून कुजक्या लसणासारखा वास आला. आत जायला म्हणून नायेलीनं हात ओढला.

"मॅडम," तिच्या तोंडून निघालं, आणि तो आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "बाहेर गारठा आहे. तुम्ही कुडकुडताय. उरलेला गोल आत करू या. आत ऊब आहे. या, तुम्ही पुढे व्हा."

तिनं गुलाब मॅडमपुढे धरला.

मॅडमनी तो घेतला. दाराकडे पाहिलं. मग विल्मरच्या खिशातून लोंबणाऱ्या लाल टोकाकडे पाहिलं. त्यांचा हात आपोआप गळ्यातला स्कार्फ धरून नाकाशी गेला. त्या एक पाऊल मागे सरकल्या. मग आणखी एक.

"मला... मला पुढच्या मळ्यावर जायचंय," त्या म्हणाल्या आणि गाडीकडे चालू लागल्या. वळून पाहिलं नाही. गुलाब हातातच होता.

गोलात त्यांची जागा रिकामी राहिली. दोन्ही बाजूंच्या बायकांनी त्या जागेकडे पाहिलं, एकमेकींकडे पाहिलं. मग हात लांबवून हात धरले.

"चला म्हणतो ना!" विल्मर ओरडला. "बहिऱ्या झाल्यात काय? उद्या फाटकातसुद्धा उभं करणार नाही एकीला!"

कुणी हललं नाही. सगळ्या खाली, आपापल्या गमबुटांकडे बघत होत्या.

नायेलीचा हात अजून दिग्नाच्या हातात होता. तिनं तो सोडला नाही.