स्वर्गाला इंग्रजीत काय म्हणतात

"स्वर्ग," मामा म्हणाला. "एवढंच लिहा, ताई."

दुभाषी बाईने पेन उचललं आणि तसंच हातात धरून ठेवलं. बोगद्याच्या तोंडाशी पत्र्याची केबिन होती, टेबलावर अहवालाचा छापील कागद. मामा ड्रिलर, कामावरचे सगळे त्याला मामाच म्हणत. सकाळी ड्रिल चालवताना समोरचा खडक अचानक पोकळ निघाला होता आणि त्या भोकातून तो एकटाच आत जाऊन आला होता. मुख्य इंजिनियर परदेशी, त्याला सगळं इंग्रजीत द्यावं लागे. बारा वाजता सुरुंग उडवायचे होते. अहवालात थांबण्यासारखं काही नसेल, तर आतलं सगळं ढिगाऱ्याखाली जाणार होतं.

"इंग्रजीत त्याला बरेच शब्द आहेत," ती म्हणाली. "हेवन लिहू?"

"म्हणजे?"

"मेल्यावर माणूस जातो, ते."

"मी तर जिवंत गेलो आणि जिवंत आलो. भूकसुद्धा लागलीय."

"मग पॅरडाइज. बागेसारखी जागा, कशाची म्हणून उणीव नाही अशी."

मामाने जरा विचार केला. "झाड नाही, पान नाही. श्वासाला हवाही कमीच पडते. नको."

"युटोपिया म्हणूनही एक आहे. सगळं जिथे हवं तसं असतं, ते ठिकाण." ती थांबली. "पण मुळात त्याचा अर्थ, कुठेच नसलेली जागा."

"कुठेच नाही कशी? इथून साडेतीनशे पावलांवर आहे."

तिने घड्याळाकडे पाहिलं. सव्वाअकरा. सहा वर्षं ती इथे सिमेंट, पंप, रजा आणि भांडणं या भाषेतून त्या भाषेत नेत होती. कधी अडली नव्हती.

"मामा, शब्द राहू द्या. काय पाहिलंत ते सांगा."

मामाने तळवे गुडघ्यांवर घासले. "छतापासून खालपर्यंत पांढरे खांब. काचेसारखे. काही मनगटाएवढे, काही माझ्याहून जाड. मधे पाणी. इतकं निवळ, की पाय भिजल्यावर कळलं पाणी आहे म्हणून. बाहेर येऊन बायकोला फोन लावला, तर तोंडातून शब्द फुटेना. ती म्हणाली, दमलायत, आधी जेवून घ्या."

"आणि?"

"आणि काय. किती काळ ते अंधारात असेल, ताई. बघायला कुणी नाही, तरी एवढं नीट. मला लाजच वाटली. मागे फिरलो, भोकाबाहेर बूट काढून ठेवले आणि मग पुन्हा आत गेलो."

तिने तिन्हींपैकी एकही शब्द लिहिला नाही. 'वर्णन' या रकान्यात इंग्रजीत एकच वाक्य लिहिलं : ड्रिलर बूट काढून आत गेला.

इंजिनियरने ते उभ्या उभ्या वाचलं. मान वर करून मामाकडे पाहिलं, पुन्हा वाचलं. मग खुंटीवरचं हेल्मेट घेतलं.

तिघंही भोकातून सरपटत आत शिरले. दुभाषी बाई सगळ्यांत शेवटी उभी राहिली. तिच्या कपाळावरच्या दिव्याचा उजेड जवळच्या खांबात शिरला, त्यातून पलीकडच्या, त्यातून आणखी पलीकडच्या, आणि असा लांबवर पेटत गेला. शेवट दिसलाच नाही.

इंजिनियरने वायरलेस तोंडाशी नेला आणि सुरुंग रद्द करायला सांगितले. तेवढं त्याने इंग्रजीत सांगितलं. मग वायरलेस खाली घेऊन, कुणाकडेच न पाहता, तो हळूच काहीतरी बोलला.

"काय म्हणाले साहेब?" मामाने कुजबुजत विचारलं.

"माहीत नाही. ते इंग्रजी नव्हतं, त्यांच्या घरची भाषा असेल."

मामाने मान डोलावली. "मग बरोबर म्हणाले."